सात मिनिटं पुढे

पहाटे पाचच्या आधी बखीतची गाडी येते,
शिशाच्या डब्यात एक बाटली,
तिच्यात पाण्यासारखं काही, जे वाटेतच संपत असतं.
बखीत सही घेतो, वेळ लिहून घेतो.
त्यालाही आता कळतं, सीबच्या चौकात सिग्नल लागला
तर तो कुणाच्या वाट्यातून वजा होतो ते.

एकशे दहा मिनिटांत निम्मं,
मग त्या निम्म्याचं निम्मं.
शून्य येत नाही. उपयोग तेवढा संपतो.

नवं यंत्र कमरेइतकं उंच, चाकांवर,
पोटात इतकं शिसं की ढकलायला दोघं लागतात.
वजन सांगायचं, बटण दाबायचं, दाराबाहेर जाऊन उभं राहायचं.
पूर्वी सिरिंज मीच धरायचे.
बोटातल्या अंगठीत एक इवलासा स्फटिक,
महिनाअखेर तो माझी चुगली करायचा:
उजव्या हाताला एवढं, डाव्याला एवढं.
हल्ली अंगठीला सांगण्यासारखं काही नसतं.

अण्णा देवरुखला कंपाउंडर होते.
लाल मिक्श्चरच्या बाटलीवर कागदाची पट्टी,
घडी घालून कात्रीने पाडलेले दात,
एका दाताला एक डोस.
"शेवटचा हलवून घ्या हो, तळाशी बसतं."
त्यांची चूक किती टक्के, कुणी मोजली नाही.
बरेच खोकले बरे झाले.
काही झाले नाहीत.

आज सकाळच्या तपासणीत
यंत्र म्हणालं एकशे पंच्याऐंशी,
मापक म्हणालं एकशे त्र्याण्णव.
पुन्हा केलं. पुन्हा तेच.
फिजिसिस्ट अझ्झाला फोन लावला,
ती जांभई देत म्हणाली, पाच टक्क्यांच्या आत आहे ना, मर्यादेत आहे.
मर्यादेत.
आमच्या घरी हा शब्द मुलींसाठी वापरत.

नळी बघितली, झडप बघितली, सुईचा सांधा बघितला,
मग, उगाचच, भिंतीकडे बघितलं.
रात्री वीज लुकलुकली असावी.
यंत्राचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं.
त्याचं गणित चोख होतं, ते फक्त
सात मिनिटं नंतरच्या जगात राहत होतं,
तिथे औषध जास्त विझलं होतं
म्हणून भरपाईला थोडं जास्त ओढत होतं.

अण्णांच्या दवाखान्यातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं.
मुद्दाम. रत्नागिरीची एसटी चुकू नये म्हणून.
ते खोटं आहे हे सगळ्यांना माहीत होतं,
आणि तरी सगळे त्याच्याकडे बघून धावायचे.
आता ते माझ्याहून दीड तास पुढे असतात.
मी नऊला फोन करते, त्यांचा दुसरा चहा झालेला असतो.
दीड तासात सत्तावन्न टक्के उरतं,
एकदा पॅडवर सहज हिशेब केला होता.
पान फाडून टाकलं.

साडेआठला खल्फान बिन सुवैलिम, सूरचा,
त्र्याहत्तर वर्षं, एकसष्ट किलो.
चाळीस वर्षं जहाजं बांधली, नकाशा न काढता.
कालिकतला सागवान घ्यायला जायचा, तिथून आणलेली हिंदी
अजून त्याच्याकडे शाबूत आहे.
फळीला खिळ्याचं भोक कसं पाडायचं ते मला बोटांनी दाखवलं,
लाकूड पाण्यात फुगतं, तेवढी जागा सोडायची.
किती?
त्याने अंगठा आणि तर्जनी जवळ आणली,
मग अजून थोडी जवळ.

यंत्र गुरगुरलं. दवा गेली, मागून सलाइन गेलं.
पडद्यावर एकशे चौऱ्याऐंशी पूर्णांक सहा.
"बाकी नळीत राहिलं?"
थोडं.
"मग ते कुणाचं?"
मी म्हटलं, आता बोलायचं नाही, तासभर पडून राहायचं,
बोललात तर घसा उजळतो.
तो हसला. डोळे मिटले.
दिवा मंद केला.

वहीत आकडा लिहिला, वेळ लिहिली.
आणि पुढे, कधी लिहीत नाही,
कुठल्या घड्याळाची तेही लिहिलं.